पर्यावरण : घरात पडणारी सवय

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेच्या मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकेने शाळेचा गौरव सांगावा, अशी सर्वांची अपेक्षा असते. तो गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्याहून अधिक समर्थपणे सांगितला आहे. म्हणून माझ्या वाट्याला आलेला वेळ मी एका विनंतीसाठी वापरणार आहे. ही विनंती आपल्या घरांविषयी आहे. आपल्या मोरीतले पाणी, ओट्यावरचा कचरा, खोलीतला दिवा आणि आपले सणवार यांविषयी आहे.

इंदूरसारख्या हिंदीभाषक शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालली. या साठ वर्षांत येथील प्रत्येक शिक्षकाला एक अनुभव आला आहे. ज्या घरात आई-वडील, आजी-आजोबा मुलांशी मराठीत बोलतात, त्या घरातले मूल पहिलीत येते तेच भाषा घेऊन. आम्ही तिला फक्त वळण लावतो. ज्या घरात मराठी बोलली जात नाही, तेथील मूल मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उत्तम गुण मिळवते आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडताच ती भाषा दप्तरात ठेवून देते. शाळा भाषा शिकवू शकते. ती जगवण्याचे काम घराचे आहे.

पर्यावरणाचे नेमके असेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशांनंतर हा विषय देशभरातील शालेय अभ्यासक्रमांत अनिवार्य होत गेला. आमचे विद्यार्थी ‘पाणी वाचवण्याचे पाच उपाय’ हा प्रश्न डोळे मिटून सोडवतात आणि पाचपैकी पाच गुण मिळवतात. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या घरी दात घासताना नळ वाहत असेल, तर ते पाच गुण कागदावरच राहिले, असे म्हणावे लागेल. ज्ञानाची उणीव आज कोणालाही नाही. उणीव आहे ती सवयीची, आणि सवय घरात पडते.

पाण्यापासूनच सुरुवात करते, कारण या शहरात पाण्याला इतिहास आहे. आपली शाळा सुरू झाली तेव्हा इंदूरला नर्मदेचे पाणी नव्हते. यशवंतसागर आणि बिलावलीसारखे तलाव आणि गावातल्या विहिरी यांवर वाढत्या शहराची तहान भागत नव्हती. १९७० साली इंदूरच्या नागरिकांनी नर्मदेचे पाणी शहरात यावे म्हणून आंदोलन केले. विद्यार्थी, व्यापारी, वकील, कामगार असे सारे त्यात उतरले. १९७८ साली ते पाणी शहरात पोहोचले. येथे बसलेल्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना त्याआधीच्या हंडे-बादल्यांच्या रांगा आठवत असतील.

ते पाणी कोठून येते, हे आमच्या भूगोलाच्या तासाला मुले शिकतात. पालकांनीही क्षणभर ते डोळ्यांसमोर आणावे. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे नर्मदेचे पाणी उचलले जाते. तेथून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून, विंध्याचा चढ चढून, पंपांच्या बळावर ते माळव्याच्या पठारावर येते. जलूद आणि इंदूर यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचे अंतर आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे : एक हजार लिटर पाणी ४०० मीटर उंच चढवायला, पंपांत आणि नळांत वाया जाणारी शक्ती धरली नाही तरीही, एक युनिटहून अधिक वीज लागते. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते, तेव्हा पाण्याबरोबर ही वीजही गटारात वाहत असते.

आमच्या विद्यार्थ्यांनी गळक्या नळाखाली बादली ठेवून एक साधा प्रयोग केला. सेकंदाला एक थेंब या गतीने गळणारी तोटी दिवसभरात १५ ते २० लिटर पाणी घालवते. महिन्याला ते सुमारे ५०० लिटर होते. दुरुस्तीला लागतो तो एक वॉशर आणि दहा मिनिटे. घरात पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र असेल, तर शुद्ध होणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर टाकले जाणारे पाणी बहुधा अधिक असते. ती नळी मोरीत सोडण्याऐवजी बादलीत सोडली, की फरशी पुसण्याचे पाणी झाले. आणि पाहुण्यांसाठी आपल्या घरांत पूर्वी तांब्या-भांडे पुढे येत असे. पाहुणा हवे तेवढे पाणी ओतून घेई, उरलेले तांब्यात राही. आज आपण काठोकाठ भरलेले पेले आणतो आणि अर्धे उष्टे म्हणून ओतून देतो. ही जुनी रीत परत आणायला कोणत्याही योजनेची गरज नाही.

आता कचऱ्याविषयी. या बाबतीत इंदूरकरांना उपदेश करण्याचे धाडस देशात कोणी करणार नाही. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ साली आपले शहर २५व्या स्थानी होते. २०१७ साली ते पहिले आले आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे त्याने हा मान राखला. देवगुराडियाच्या मैदानात साठलेला सुमारे १३ लाख टन जुना कचरा उपसून निकालात काढण्यात आला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथेच ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा हाताळण्याची, त्यातून सुमारे १७ हजार किलो वायू आणि १०० टन खत निर्माण करण्याची त्याची क्षमता आहे. आपल्या घरातील भाजीच्या देठांवर या शहरातील बस धावू शकते, ही केवढी अभिमानाची गोष्ट आहे!

हा चमत्कार कोणी केला? महानगरपालिकेने केला, पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगार बंधु-भगिनींनी केला, हे खरेच. परंतु प्रकल्पाच्या यंत्राला ओला आणि सुका कचरा वेगळा मिळाला नाही, तर ते यंत्र काही करू शकत नाही. तो वेगळा होतो लाखो स्वयंपाकघरांत. ‘आमच्या एका घराने काय होणार?’ असा प्रश्न मला पालकसभेत नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी मला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. एकेका घराने काय होते, हे पाहण्यासाठी देशभरातून लोक आपल्या शहरात येतात.

तरीही एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. कचरा वेगळा करणे आणि कचरा कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आपण उत्तम शिकलो; दुसरीकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले. गाडी दारात येते, सारे घेऊन जाते आणि आपल्याला वाटते, की आपले कर्तव्य संपले. परंतु घरातून रोज निघणारी पिशवी वर्षागणिक जड होत असेल, तर तिला सहा खणांत नीट वाटून देण्याने प्रश्न सुटत नाही. पहिला क्रमांक शहराला मिळतो; घराचा हिशोब घरानेच ठेवायचा असतो.

त्यासाठी काही अगदी लहान गोष्टी सांगते. बाजारात जाताना कापडी पिशवी हातात असावी. देशात १२० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. परंतु भाजीवाल्याने ती दिली आणि आपण ती घेतली, तर कायदा त्या दोन हातांमध्ये काही करू शकत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नये. पिशवीला तो लटकता राहू द्यावा. सुटा झालेला तो बोटभर तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि थेट मातीत किंवा नाल्यात जातो. ज्यांच्या घरी अंगण किंवा गच्ची आहे, त्यांनी जुन्या माठाला भोके पाडून त्यात भाज्यांच्या साली आणि वाळलेला पाला थराथराने घालावा. ओलावा राखला आणि अधूनमधून हलवले, तर दोन-तीन महिन्यांत कुंड्यांसाठी खत मिळते. फाल्गुनात कडुलिंबाची पाने गळतात, तेव्हा ती जाळण्याची प्रथा अजून काही वसाहतींत आहे. तो पाचोळा म्हणजे या माठाचीच सामग्री आहे. तिला काडी लावून मुलांच्या छातीत धूर भरू नये.

इथपर्यंत कदाचित सर्वांना मान्य होईल. आता थोडा नाजूक विषय घेते, तो म्हणजे आपले सण आणि समारंभ. माळव्यातील मराठी माणसाने आपले मराठीपण टिकवले ते सणांतून. म्हणून सणांत काही बदल सुचवला, की मनाला लागते. परंतु मी सुचवते आहे ते बहुतेक जुनेच आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. गेल्या काही वर्षांत हे वाण म्हणजे प्लॅस्टिकचे डबे, गाळणी आणि टोपल्या असे झाले आहे. एकेका घरी तीस-तीस वस्तू जमतात आणि बहुतेक माळ्यावर जातात. त्याऐवजी घरी शिवलेली पिशवी द्यावी, तुळशीचे रोप द्यावे, मूठभर तीळ किंवा पालेभाजीचे बी द्यावे. सौभाग्याच्या वाणाला त्याने उणेपणा येत नाही.

गणेशोत्सवाचेही तसेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. पार्थिव गणपती म्हणजे मातीचाच गणपती, हे तर आपल्या आज्या पूर्वीपासून सांगत आल्या. लहान मातीची मूर्ती घरच्या बादलीत काही तासांत विरघळते आणि ती माती कुंडीत जाते. या शहरातून वाहणारी कान्ह नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. आपण येथे पाण्यात जे सोडतो, ते तेथे स्नानाला उतरलेल्या भाविकाच्या ओंजळीत जाते. निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून फेकणे ही श्रद्धा नव्हे. ते त्या माठातल्या खतात घालावे. देवाला वाहिलेले फूल पुन्हा फुलाच्याच मुळाशी जाते.

लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण यांच्या पंगतींत पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण जाऊन थर्माकोल आला होता. २०२२ च्या १ जुलैपासून प्लॅस्टिकच्या पेल्या-चमच्यांवर आणि ताटल्यांवर देशभर बंदी आली, तरी पातळ अस्तर लावलेले कागदी पेले आणि पाण्याच्या लहान लहान बाटल्या आहेतच. येथे शाळा आपल्याला हात देऊ इच्छिते. आपल्या भांडारात स्नेहसंमेलनांसाठी घेतलेली स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले आहेत. वर्षातले बहुतेक दिवस ती पेट्यांत पडून असतात. या वर्षापासून कोणत्याही आजी-माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने घरच्या कार्यासाठी ती न्यावीत, मोजून न्यावीत, घासून परत आणावीत. भाडे नाही. नोंदवही शाळेच्या कार्यालयात ठेवली आहे.

विजेबद्दल थोडक्यात सांगते. साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिटांची बचत होते. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. डाळ-तांदूळ आधी भिजवून ठेवले, तर गॅस कमी लागतो, हे तर घरोघरी ठाऊक आहे. आणि शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर मुलांची वाट पाहताना कृपया गाडीचे इंजिन बंद ठेवावे. ज्या धुरातून पालक वाट काढतात, त्याच धुरातून पहिलीतली मुलेही जातात. आणि त्यांचे नाक गाडीच्या धुराड्याच्या उंचीला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक जवळ असते.

आता मला माझ्या भगिनींच्या बाजूने दोन शब्द बोलायचे आहेत. मी आतापर्यंत जी कामे सांगितली, ती कोण करणार, असा प्रश्न अनेकींच्या मनात आला असेल. पिशव्या शिवायच्या, माठ हलवायचा, कचरा वेगळा करायचा, ताटे घासायची. पर्यावरणाच्या नावाने आलेले प्रत्येक नवे काम जर घरातल्या गृहिणीच्याच ओट्यावर जाऊन पडणार असेल, तर ती सवय फार दिवस टिकणार नाही. आणि टिकू नये, असेही मी म्हणेन. एकीने राबायचे आणि बाकीच्यांनी कौतुक करायचे, याला घराची सवय म्हणत नाहीत. पिशवी वडिलांच्या स्कूटरच्या डिकीत असावी. सुक्या कचऱ्याचा डबा मुलाने गाडीपर्यंत न्यावा, मुलीनेच न्यावा असे नाही. आजोबांनी कुंड्यांना आरओचे पाणी घालावे. प्रत्येकाच्या वाट्याला एक काम आले, की कोणालाही ते ओझे वाटत नाही, आणि मुले मोठी होऊन ज्या घरात जातील, तेथे ही वाटणी बरोबर नेतील.

काही सुजाण पालक असेही म्हणतात, की मोठे कारखाने नद्या बिघडवतात, मोठी बांधकामे झाडे तोडतात, आणि बाई आम्हाला दुधाच्या पिशवीचा कोपरा सांगतात. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मोठ्यांचे उत्तरदायित्व मोठे असते आणि ते त्यांच्याकडून मागितलेच पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदात नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण व संवर्धन हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केले आहे. आणि प्रश्न विचारणे हा त्या कर्तव्याचाच भाग आहे. परंतु १९७० साली नर्मदेसाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांना पाण्याची किंमत कळत होती, कारण त्यांनी रांगेत उभे राहून ते भरले होते. ज्याने घरात पाणी मोजले नाही, त्याला नदीसाठी बोलताना शब्द सापडत नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हाला एक विनंती. घरी जाऊन आई-बाबांच्या चुका दाखवू नका. आजीला तर मुळीच उपदेश करू नका. शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या साडीची गोधडी, फाटक्या सदऱ्याचे पायपुसणे ही सारी विद्या तिच्याकडे आहे. ती तिच्याकडून शिकून घ्या. वर्ष संपल्यावर वह्यांतली कोरी पाने काढून तुम्ही कच्च्या कामाच्या वह्या शिवता, पुस्तके धाकट्या वर्गाला देता, ते चालू ठेवा. आणि घरात एकच काम स्वतःच्या नावावर घ्या. नळ बंद आहे का, हे रात्री झोपण्यापूर्वी पाहणे, एवढे जरी घेतलेत तरी पुरे.

पालकांनाही माझे तेच सांगणे आहे. दहा संकल्प एकदम करू नयेत. एका वेळी एक सवय घ्यावी आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावू नये. कोणती घेतली, ते मुलाच्या दैनंदिनीत एका ओळीत लिहून पाठवावे. शाळा त्याला गुण देणार नाही, स्पर्धाही घेणार नाही. पुढच्या पालकसभेत आपण फक्त एकमेकांना सांगू, की काय जमले आणि काय जमले नाही.

आज व्यासपीठावरील पाहुण्यांचे स्वागत आम्ही पुष्पगुच्छांऐवजी रोपांनी केले, हे आपण पाहिलेच. या कार्यक्रमानंतर मैदानावर भोजनाची व्यवस्था आहे. भांडारातली ताटे बाहेर काढली आहेत. पाण्याच्या बाटल्या नाहीत. तांबे भरून ठेवले आहेत. आपल्याला हवे तेवढेच वाढून घ्यावे, ताटात काही टाकू नये आणि जेवण झाल्यावर आपले ताट स्वतः विसळून ठेवावे. अध्यक्ष महोदयांनी पहिले ताट आपण विसळणार असे मला आधीच सांगितले आहे. त्यांच्यामागे रांग लागावी, एवढीच प्रार्थना करते आणि आपली रजा घेते.